महिला खरेदीदाराची मुद्रांक सवलत: पहिल्या घराच्या हिशेबात किती उतरते?

छत्रपती संभाजीनगरच्या सातारा-देवळाई परिसरात आम्ही बांधकाम सुरू असलेले एक रो-हाऊस घेतले, त्याचा करारनामा माझ्या एकटीच्या नावाने नोंदवला आणि त्यावर राज्य शासनाची महिला खरेदीदारांसाठी असलेली एक टक्का मुद्रांक शुल्काची सवलत घेतली. हे परीक्षण त्या सवलतीचे आहे. घराच्या बांधकामाविषयी किंवा विकासकाच्या कामाविषयी इथे काही लिहायचे नाही. पहिलेच घर घेणाऱ्या नोकरदार कुटुंबाला ही सवलत प्रत्यक्षात किती उपयोगी पडते, आणि तिच्या जोडीला असलेल्या आयकराच्या व जीएसटीच्या सवलतींपैकी आज काय शिल्लक आहे, एवढेच तपासायचे आहे. माझे मत आधीच सांगते: सवलत खरी आहे आणि ती पदरात पाडून घेणे अवघड नाही, परंतु तिची आखणी पहिले घर डोळ्यांसमोर ठेवून झालेली नाही, आणि मराठवाड्यात घर ज्या पद्धतीने उभे राहते त्या पद्धतीशी तर तिचा मेळच बसत नाही.

आधी दर पाहू. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, १९५८ नुसार महापालिका हद्दीतील घराच्या खरेदीवर पाच टक्के मूळ शुल्क लागते आणि त्यावर स्थानिक संस्थेचा एक टक्का अधिभार येतो, त्यामुळे संभाजीनगर, नांदेड, लातूर किंवा परभणी शहरात घर घेणाऱ्याला एकूण सहा टक्के भरावे लागतात. पुण्यात आणि नागपुरात मेट्रोसाठी आणखी एक टक्का द्यावा लागतो. आपल्याकडे मेट्रो नसल्यामुळे तेवढ्यापुरता तरी अनुशेष आपल्या फायद्याचा ठरला म्हणायचे. नोंदणी फी एक टक्का असून तिला ३०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. घर बांधकामाधीन असेल तर जीएसटी येतो: महानगरांबाहेरच्या शहरांत घराचे चटईक्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असल्यास एक टक्का, त्याहून मोठ्या किंवा महाग घराला पाच टक्के. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर हा कर लागत नाही.

आता ३२ लाखांचे रो-हाऊस धरा. मुद्रांक शुल्क १,९२,००० रुपये, नोंदणी फी ३०,००० आणि जीएसटी ३२,००० मिळून २,५४,००० रुपये होतात. महिलेच्या नावावर दस्त केल्यास शुल्क १,६०,००० वर येते आणि एकूण आकडा २,२२,००० होतो. बचत ३२,००० रुपयांची. ३२ लाखांच्या व्यवहारात ३२,००० म्हणजे दर्यामे खसखस असे कोणालाही वाटेल, आणि घराच्या किमतीशीच तुलना केली तर ते खरेही आहे.

पण पहिले घर घेणाऱ्याची अडचण किमतीत नसते, ती रोख रकमेत असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देऊ शकते, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के. ही किंमत मोजताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च धरायचा नाही, असेही रिझर्व्ह बँकेने सांगून ठेवले आहे. अपवाद फक्त १० लाखांपर्यंतच्या घरांचा. संभाजीनगरात १० लाखांत काय मिळते हे वाचकांना वेगळे सांगायला नको. त्यामुळे ३२ लाखांच्या घराला बँकेने अगदी उदार होऊन २८,८०,००० रुपये मंजूर केले, तरी ३,२०,००० रुपयांचा स्वहिस्सा आणि त्यावर २,५४,००० रुपयांचे कर खरेदीदाराला गाठीचे घालावे लागतात. म्हणजे स्वहिस्सा उभा करताना दमछाक झालेल्या माणसासमोर जवळजवळ दुसरा स्वहिस्सा उभा राहतो, आणि याला कर्ज नाही. लग्नातले सोने गहाण ठेवून, भिशी उचलून किंवा भावाकडून हातउसने घेऊन हाच भाग भरला जातो. एकूण ५,७४,००० रुपयांच्या रोख गरजेतून ३२,००० कमी होणे ही साडेपाच टक्क्यांची सूट आहे, आणि या बाजूने पाहिले की सवलतीचे वजन वाढते. ज्याच्याकडे आधीचे घर विकून पैसे येतात त्याला या रकमेचे फारसे काही वाटत नाही. पहिलटकर खरेदीदाराला मात्र नोंदणीच्या आठवड्यात तेवढ्याच रकमेसाठी चार फोन करावे लागतात.

सवलत मिळवण्याच्या प्रक्रियेबद्दल चांगलेच लिहावे लागेल. शासनाने ठरवलेले जमिनीचे व घरांचे वार्षिक बाजारमूल्य दर, ज्यांना सगळे रेडी रेकनर म्हणतात, ते नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट किंवा सर्वे क्रमांक निवडून घरबसल्या पाहता येतात. शुल्क आणि नोंदणी फी शासनाच्या ग्रास प्रणालीतून चलनाने भरता येते आणि दस्ताची माहिती आधीच ऑनलाइन भरून ठेवता येते. सवलतीसाठी आम्हाला वेगळा अर्ज करावा लागला नाही. खरेदीदार महिला आहे आणि मिळकत निवासी आहे, एवढा उल्लेख वकिलांनी करारनाम्यात घातला आणि चलन पाच टक्क्यांच्या हिशेबाने निघाले.

अडचण आली ती त्याआधी, विकासकाच्या कार्यालयात. आम्हाला मिळालेल्या खर्चाच्या कागदावर घराच्या किमतीखाली एकच ओळ होती: ‘सरकारी खर्च ८ टक्के, २,५६,०००’. त्याखाली ‘लीगल व इतर’ म्हणून आणखी एक गोल आकडा होता. घर माझ्या नावावर होणार हे पहिल्या भेटीतच सांगितले होते, तरी त्यात मुद्रांक शुल्क सहा टक्केच धरले होते, आणि नोंदणी फीला ३०,००० ची मर्यादा असताना ३२,००० लावले होते. मी वाळूजच्या एका कारखान्यात लेखा विभागात काम करते, त्यामुळे कागद हातात आल्यावर आधी बेरीज तपासायची सवय आहे. ‘मॅडम, सगळ्यांना हेच लावतो, उरलं तर नंतर ॲडजस्ट करू,’ असे तिथल्या मुलाने सांगितले. प्रत्येक कराची रक्कम वेगळी लिहून मागितल्यावर आणि शुल्काचे चलन आम्ही स्वतः भरणार असे कळवल्यावर आकडा २,२२,००० वर आला. ३४,००० रुपयांचा हा फरक कागद न वाचणाऱ्याच्या खिशातून गेला असता. सवलत शासन देते, पण ती मधल्या मध्ये जिरणार नाही हे पाहण्याचे काम खरेदीदारालाच करावे लागते, हा या सेवेतला मोठा उणेपणा मला वाटतो. नोंदणी झाल्यावर मिळणाऱ्या सूची क्रमांक दोनच्या उताऱ्यावर भरलेले शुल्क छापलेले असते. ज्यांनी विकासकाकडे एकरकमी पैसे दिले आहेत त्यांनी तो उतारा आणि खर्चाचा कागद शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

आता अटींकडे वळू, कारण घरातल्या चर्चा तिथेच अडतात. ही सवलत ८ मार्च २०२१ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी अर्थसंकल्पात जाहीर केली आणि १ एप्रिल २०२१ पासून ती लागू झाली. सुरुवातीला अशी अट होती की सवलत घेतलेले घर पंधरा वर्षे पुरुष खरेदीदाराला विकता येणार नाही. ही अट म्हणजे घराच्या पुनर्विक्रीवर घातलेला खोडाच होता, आणि २०२३ मध्ये ती काढून टाकण्यात आली. दुसरी अट मात्र कायम आहे: दस्तातील सर्व खरेदीदार महिला असल्या पाहिजेत. सासू-सून, आई-मुलगी किंवा दोघी बहिणी मिळून घर घेऊ शकतात. पती-पत्नीच्या संयुक्त नावाला सवलत नाही.

आमच्याकडे सासऱ्यांचा प्रश्न अगदी सरळ होता. ‘सूनबाई, कर्जावर सही दोघांची अन् घरावर नाव एकाचंच, हा कसला हिशेब?’ प्रश्न रास्त होता. बँकेला माझ्या एकटीच्या पगारावर हवे तेवढे कर्ज मंजूर करता येत नव्हते, म्हणून पती सहकर्जदार झाले. सहकर्जदार असणे आणि सहमालक असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक बँका असे कर्ज देतात. काही बँका तर महिला कर्जदाराला व्याजदरात ०.०५ टक्के सूटही देतात. प्रश्न पुढे आयकराचा येतो. गृहकर्जावरील व्याजाची कलम २४ खालील वजावट, राहत्या घरासाठी वर्षाला दोन लाखांपर्यंत, ही मालकालाच मिळते. मुद्दल, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीची कलम ८०सी खालील दीड लाखाच्या मर्यादेतली वजावटही मालकाचीच. जो पती हप्ता भरतो पण मालक नाही, त्याला यातले काही मिळत नाही.

काही वर्षांपूर्वीपर्यंत हा सौदा तोट्याचा ठरू शकत होता. पती वीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल आणि पत्नीला स्वतःचे उत्पन्न नसेल, तर दोन लाखांच्या व्याजावर उपकरासह वर्षाला ४१,६०० रुपयांचा कर वाचला असता, आणि एकदाच मिळणाऱ्या ३२,००० साठी दरवर्षीचे ४१,६०० सोडणे म्हणजे आवळा घेऊन कोहळा देणे झाले असते. आमच्या ओळखीच्या अनेकांनी तेव्हा याच कारणाने संयुक्त नाव लावले आणि पूर्ण शुल्क भरले. त्यांचा निर्णय त्या वेळी बरोबरच होता.

आज हे गणित बदलले आहे. २०२३-२४ पासून नवी आयकर पद्धत ही मूळ पद्धत झाली, आणि तीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही, ८०सी सुद्धा नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर, आणि प्रमाणित वजावटीमुळे पगारदारांच्या बाबतीत पावणेतेरा लाखांपर्यंत, कर शून्य होतो. त्यापुढचे उदाहरणही पाहू. वर्षाला १५ लाख पगार असलेल्या व्यक्तीने जुन्या पद्धतीत ५०,००० ची प्रमाणित वजावट, ८०सीचे दीड लाख आणि गृहकर्जाचे दोन लाख असे सगळे घेतले तरी कर १,४८,२०० रुपये येतो. नव्या पद्धतीत यातले गृहकर्जाचे काहीही न घेता तो ९७,५०० रुपये येतो. स्वतःच्या घरात राहायला गेल्यावर घरभाड्याची वजावटही उरत नाही. म्हणजे बहुसंख्य पगारदार कुटुंबांसाठी गृहकर्जाची आयकर सवलत कागदावरच राहिली आहे, आणि ती गेल्यामुळे घर पत्नीच्या एकटीच्या नावावर घेण्यातला जुना अडसरही दूर झाला आहे. विचित्र वाटेल, पण महिलांच्या सवलतीची उपयुक्तता राज्याच्या निर्णयापेक्षा केंद्राच्या करबदलाने अधिक वाढली.

सासऱ्यांना मी आकडे दाखवले, ते त्यांना पटलेही, पण त्यांच्या प्रश्नात जो दुसरा मुद्दा दडलेला होता तो आकड्यांनी सुटत नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १४ नुसार स्त्रीने मिळवलेल्या मालमत्तेची ती पूर्ण मालक असते. केवळ ३२,००० वाचवायचे म्हणून पत्नीचे नाव लावायचे आणि मनात घर आपलेच समजायचे, असे ज्यांना करायचे आहे त्यांनी ही सवलत घेऊ नये, हे मी स्पष्टपणे सांगेन. बेनामी व्यवहाराची भीती काही जण घालतात. पतीने आपल्या ज्ञात उत्पन्नातून पत्नीच्या नावावर घेतलेल्या घराला बेनामी व्यवहारांविरुद्धच्या कायद्यातच अपवाद आहे, तेव्हा पैसे बँकेतून फिरवावेत आणि निर्धास्त राहावे.

माझी मोठी तक्रार प्लॉटविषयी आहे. सवलत फक्त निवासी घटकाला, म्हणजे फ्लॅट, रो-हाऊस किंवा बांधलेल्या घराला मिळते; मोकळ्या भूखंडाला मिळत नाही. मुंबई-पुण्यात याने फार बिघडत नसेल, कारण तिथे पहिले घर म्हणजे बहुतेक वेळा फ्लॅटच असतो. मराठवाड्यात मात्र नोकरीला लागलेला माणूस आधी वीस बाय तीसचा किंवा तीस बाय चाळीसचा प्लॉट घेतो, मग सोसायटीचे किंवा पतपेढीचे कर्ज काढून दोन खोल्या पाडतो, आणि वरचा मजला मुलांच्या लग्नाच्या सुमारास चढतो. परभणी, हिंगोली, बीड, कुठेही गेलात तरी नव्या वसाहती अशाच वाढलेल्या दिसतात. या माणसाच्या घरात शासनाला कर भरण्याचा मोठा क्षण एकच असतो, तो प्लॉटच्या खरेदीखताचा, आणि नेमक्या त्याच क्षणी सवलत हात वर करते. पुढे बांधकाम झाले की ते घर पत्नीचे आहे, निवासी आहे, पहिलेही आहे, पण आता खरेदी उरलेली नसते. गुंठेवारीतल्या, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरच्या लोकांची तर आणखी कोंडी होते: प्लॉट नियमित करून घेण्याचे शुल्क वेगळे, आणि ते भरल्याशिवाय बांधकाम परवाना व कर्ज मिळणे दुरापास्त. राज्यात घरखरेदीला सूट देताना शहरी फ्लॅटधारक हाच खरेदीदाराचा नमुना समोर ठेवला गेला, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

शुल्क करारातील किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागते, हेही लक्षात असू द्यावे. जुन्या वसाहतीत भावकीतल्या कोणाकडून घर स्वस्तात मिळाले तरी शुल्क बाजारमूल्यावरच भरावे लागते. शिवाय दोन्हींतील फरक दहा टक्क्यांहून अधिक आणि ५०,००० रुपयांहून जास्त असेल, तर तो फरक खरेदीदाराचे उत्पन्न समजून त्यावर आयकर लागू शकतो.

पहिले घर हाच निकष धरून दिलेली करसवलत आपल्याकडे कधी नव्हती असे नाही. आयकरातील कलम ८०ईईए खाली, १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ या काळात मंजूर झालेल्या कर्जावर, ज्याच्याकडे दुसरे घर नाही आणि घराचे मुद्रांक मूल्य ४५ लाखांच्या आत आहे त्याला दीड लाखांपर्यंत जादा व्याज वजावट मिळत होती. नव्या कर्जांसाठी ती खिडकी बंद झाली. त्या आधीचे ८०ईई हे कलमही एका वर्षाच्या कर्जांपुरतेच होते. राज्याने १ सप्टेंबर २०२० पासून डिसेंबरअखेर मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची आणि नंतर मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांची कपात केली, ती महिलांच्या सवलतीपेक्षा कितीतरी मोठी होती, पण ती पहिले घर आणि पाचवे घर यांत भेद करत नव्हती. ज्याच्या हाती तेव्हा पैसे होते त्याने ती उचलली. टाळेबंदीत पगार कापला गेलेल्या भाडेकरूला ती लांबूनच पाहावी लागली. तुलनेसाठी इंग्लंडचे उदाहरण घेता येते. तिथे जगात कुठेही पूर्वी घर नसलेल्या खरेदीदाराला १ एप्रिल २०२५ पासून तीन लाख पौंडांपर्यंत शुल्क शून्य आणि त्यापुढे पाच लाखांपर्यंतच्या भागावर पाच टक्के आहे, आणि घर पाच लाखांहून महाग असेल तर ही सवलतच नाही. तिथेही सूट किमतीत जिरते अशी टीका होते; पण निकष तरी पहिल्या घराचा आहे.

किमतीत जिरण्याचा प्रकार आपल्याकडे पाडव्याला आणि दसऱ्याला ‘मुद्रांक शुल्क व नोंदणी मोफत’ अशा फलकांवर दिसतो. शुल्क शासन माफ करत नाही, विकासक भरतो, आणि तो ते बहुधा दरातूनच काढतो. अशी जाहिरात पाहिली की त्याच प्रकल्पात शुल्क स्वतः भरल्यास घर कितीला पडेल हे विचारावे. उत्तर मिळायला वेळ लागला तर समजून घ्यावे.

पहिल्या घराचा निकष आज खऱ्या अर्थाने जपला जातो तो करात नव्हे तर अनुदानात. सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधील व्याज अनुदानासाठी कुटुंबाचे देशात कुठेही पक्के घर नसावे, वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असावे लागते. पात्र कुटुंबाला पहिल्या आठ लाखांच्या कर्जावर चार टक्के अनुदान, पाच वार्षिक हप्त्यांत मिळून जास्तीत जास्त १,८०,००० रुपये मिळतात. महिलांच्या मुद्रांक सवलतीच्या पाचपटीहून हे अधिक आहे. मात्र पैसे नंतर कर्जखात्यात येतात, नोंदणीच्या दिवशीची रोख चणचण त्याने भागत नाही; त्या दिवशी उपयोगी पडतात ते चलनातून कमी झालेले ३२,००० च.

कमावत्या महिलेने तयार किंवा बांधकामाधीन घर घ्यायचे असेल आणि कुटुंब नव्या आयकर पद्धतीत असेल, तर मी या सवलतीला पाचपैकी चार गुण देईन आणि ती जरूर घ्यावी असे सांगेन. दुसरे-तिसरे घर घेणाऱ्यालाही ती तेवढीच मिळते, म्हणून एक गुण कापला आहे. घरभाडे, विमा आणि इतर वजावटींमुळे ज्याला अजूनही जुनी पद्धत परवडते, त्याने वर्षाचा कर मांडून पाहिल्याशिवाय पत्नीच्या एकटीच्या नावाचा निर्णय घेऊ नये, त्याच्यासाठी अडीच. प्लॉट घेऊन हळूहळू बांधणाऱ्या कुटुंबासाठी मात्र, भूखंडावर ठरावीक मुदतीत राहते घर बांधल्यास शुल्काचा परतावा मिळण्याची सोय होत नाही तोवर, गुण देण्याजोगे यात काही नाही.